पांढऱ्या रंगाचा तिसरा डबा

दुपारचे तीन वाजले होते. बाळ नुकतंच झोळीत झोपलं होतं, आत्या आतल्या खोलीत कलंडल्या होत्या आणि अख्ख्या घरात कुणी हूं की चूं करत नव्हतं. तेवढ्यात मामांनी चमच्याचा दांडा रंगाच्या डब्याच्या कडेखाली घातला आणि झाकण उचकटलं. खट्. झोळी हलली. आम्ही दोघंही श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिलो. आतून बारीक कुरकुर आली, एक मूठ वर आली, खाली गेली, आणि झोळी पुन्हा गप्प झाली.

मामा डब्यात वाकून बघत होते. नाकाचा शेंडा रंगाला लागायचाच बाकी होता.

"ह्यो बी न्हवं," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"काय झालं?"

"ह्याला पांढरा म्हनत्यात व्हय? सायीवानी दिसतोय. पिवळट. फसवलं तुला दुकानदारानं."

हा तिसरा डबा होता. पहिला मी नेहमीचा आणला होता. दुसरा दुकानदारानं स्वतः निवडून दिला. तिसऱ्या वेळी त्यानं वेगळ्या कंपनीचा डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, आता यापेक्षा पांढरं पाहिजे असेल तर डेअरीत जावा."

मी डब्यात बघितलं. रंग पांढरा होता.

मामा म्हणजे माझे सासरे, महिपती थोरात. आमच्या कराडकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे. मामांनी सव्वीस वर्षं स्वतःची गाडी चालवली. गाडी म्हणजे ट्रक, पण ट्रक हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पुढं लांब नाक असलेली ती जुनी गाडी होती. कराडहून गूळ भरून निघायची आणि येताना कोकणातून मीठ घेऊन यायची. थकली तेव्हा त्यांनी ती विकली. घेणाऱ्यानं मोडून भंगारात घातली हे कळलं त्या दिवशी मामा जेवले नव्हते, एवढं मला लग्न होऊन आल्या आल्याच आत्यांनी सांगितलं होतं. नंतर त्यांनी एक व्हॅन घेतली आणि आमच्या कॉलनीतली मुलं शाळेत पोचवायला लागले. नऊ मुलं. त्यांत आमची ईश्वरी. तेव्हा ती पाच वर्षांची होती, मोठ्या गटात.

त्या वर्षी श्रावणात मामांनी जाहीर केलं, खंडेनवमीला आपली गाडी पुजायची.

"दरवर्षी पुजताच की," आत्या म्हणाल्या.

"ती व्हॅन. ती काय गाडी हाय? त्यो चार चाकांचा डबा हाय."

मग त्यांनी कुठून कुठून प्लायवूडचे तुकडे आणले, कामट्या आणल्या, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आणला. हिशेब सोपा होता, एका फुटाला एक इंच. बावीस फुटांची गाडी बावीस इंचांत. हौद्याच्या फळ्या किती, एका फळीला खिळे किती, मागचा फाळका कुठं कडीत अडकतो, डिझेलची टाकी चेसीच्या कोणत्या बाजूला, सगळं त्यांना पाठ होतं. फोटो एकच होता, तोही कुणाच्यातरी लग्नातला. गाडी त्यात अर्धीच आली होती आणि तिच्यापुढं वरातीतली माणसं उभी होती. सहा चाकं आणि एक स्टेपनी त्यांनी झिजलेल्या चपलांच्या तळव्यांतून कापली. स्टिअरिंगला माझी एक फुटकी बांगडी गेली. जुन्या छत्रीच्या कापडाची ताडपत्री झाली आणि ती बांधायला शिवणाच्या दोऱ्याला पीळ घालून दोरखंड. प्रत्येक सांधा ते बोटांनी चाचपायचे. "हात फिरवून बग," मला म्हणायचे. "डोळ्याला फसवता येतं, हाताला न्हाई." मला वाटायचं, ही कारागिराची सवय असेल.

रंगवायचं काम माझं. शाळेत मी इंटरमिजिएट ड्रॉइंगला अ श्रेणी मिळवली होती. लग्नानंतर ती श्रेणी दारातल्या रांगोळीपुरती उरली होती. मामांनी ती रांगोळी बघून ठरवलं, "हर्षदाच्या हाताला वळण हाय, रंग तीच देणार." बाळ झोपल्यापासून उठेपर्यंतचा तास-सव्वा तास. बाळ झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत तेवढाच वेळ मला माझा मिळत होता. बाळाला पाजता पाजता मनात विचार चालायचा, आज चाकांच्या कडांना काळा द्यायचा का लाल.

बाकी सगळं रंगवून झालं होतं. हौदा तांबडा, त्यावर पिवळ्या वेली. कपाळपट्टीवर 'काळूबाई प्रसन्न'. राहिली होती ती फक्त केबिन आणि पुढचं नाक. ते पांढरं हवं होतं. मामांच्या गाडीची ओळखच ती होती. कुंभार्ली घाटात वरच्या वळणावरून लोक म्हणायचे, थोरातांची पांढरी आली.

"बदलून आणू का?" मी विचारलं.

"नगं. मीच करतो पांढरा."

ते उठले, भिंतीला हात लावत न्हाणीत गेले आणि नीळ घेऊन आले. कपड्यांना घालतो ती पुडीतली नीळ. पूर्वी घरांना चुना देताना त्यात चिमूटभर नीळ घालायचे, म्हणजे भिंत लख्ख दिसायची, हे मलाही माहीत होतं. मामांनी वाटीत रंग ओतला, चिमूट टाकली, काडीनं घोटला. बघितलं. आणखी एक चिमूट. रंगात निळसर रेघा फिरल्या आणि विरल्या. आणखी एक.

"मामा, पुरे की आता."

"थांब."

चौथी चिमूट. वाटीतला रंग पहाटेच्या आभाळासारखा निळा झाला होता. मामांनी मान वर केली. महिनाभर त्यांच्या कपाळावर पडलेली आठी गेली होती.

"आता कसा," ते म्हणाले. "आता झाला पांढरा. घे, लाव."

मी ब्रश बुडवला आणि गाडीच्या नाकावर पहिला हात मारला. निळा. मामा समाधानानं बघत होते. मग मी एक गोष्ट केली. कोरडा ब्रश पुढच्या बंपरवरून आडवा ओढला आणि विचारलं, "मामा, ही पिवळी रेघ सरळ आली का बघा."

तिथं रेघ नव्हती.

मामा वाकले. डोळे बारीक केले, मान इकडून तिकडून वळवली.

"सरळ हाय की," ते म्हणाले. "तुझा हात सरळच असतोय."

दारात व्हॅन उभी होती. तिच्या डाव्या बाजूला हेडलाइटपासून दारापर्यंत एक लांब ओरखडा होता. गेल्या भाऊबीजेला माझ्या भावानं विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, कुणीतरी मोटारसायकल घासून गेला. डावा आरसा गणपतीत तुटला होता, तेव्हा कारण कुत्र्याचं होतं.

रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि नवऱ्याला, धैर्यशीलला, फोन लावला. तो चाकणला कंपनीत होता, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. मी सगळं सांगितलं. नीळ, रेघ, ओरखडा.

"तुला आठवतंय ना," तो म्हणाला, "दोन वर्षांमागं मी चष्म्याचा नंबर काढू म्हटलं होतं. आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते."

"आठवतंय. पण गाडीत मुलं असतात."

"मी शुक्रवारी दसऱ्याला येतोच आहे. समोरासमोर बोलतो. तू नको बोलूस. तुझं-त्यांचं जमतं ते बिघडायला नको."

"आणि तोपर्यंत?"

"हर्षदा, ते चाळीस वर्षं गाडी चालवतायत."

खाली बाळ रडायला लागलं होतं. मी फोन ठेवला. आत्यांना विचारावं असं मनात आलं, पण त्या ओट्यापाशी उभ्या राहून मामांना विचारत होत्या, "ताटात भाजी हाय, दिसत न्हाई व्हय?" आणि मामा म्हणत होते, "तू वाढशील तवा दिसंल." दोघंही हसत होते. मी परत फिरले.

सोमवारी सकाळी पावणेआठला हॉर्न वाजला. ईश्वरीचं दप्तर तिच्या पाठीवर घालताना मी म्हटलं, "आज मधल्या सीटवर बस."

"माझी जागा पुढं असते."

"एक दिवस बस की मागं."

"बसू दे पुढं," मामा खिडकीतून म्हणाले. "माझी क्लीनर हाय ती. क्लीनर कुठं मागं बसतोय?"

मी तिला पुढं बसवलं. दार लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं. व्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत फाटकात उभी राहिले. त्या दिवशी पोळ्या करताना एक करपली आणि एक कच्ची राहिली. बारा पन्नासला हॉर्न ऐकू आला तेव्हा मी पिठाच्या हातांनीच बाहेर धावले. मंगळवारी पण असंच. मंगळवारी दुपारी मी केबिनला दुसरा हात दिला. मामा शेजारी बसून आरशाच्या तुकड्याला कानस मारत होते आणि घाटातल्या जुन्या गोष्टी सांगत होते. मी हूं हूं करत राहिले. चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा बाळाचं काहीतरी निघालं, किंवा निघालं असं मी ठरवलं.

बुधवारी मी सकाळीच बाळाला काखेत घेऊन व्हॅनपाशी उभी राहिले.

"बाळाची लस आहे, मामा. दवाखाना शाळेपलीकडंच आहे, मला पण न्या."

"बस की. दाटीवाटीनं बस म्हंजे झालं."

मी मागच्या सीटवर मुलांच्या मधे बसले. ईश्वरी पुढं, मामांच्या डाव्या हाताला, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून. व्हॅन कॉलनीच्या तोंडाशी आली आणि ईश्वरी म्हणाली, "आबा, सायकल."

"कुठं?"

"माझ्या बाजूला."

"शाब्बास. एक."

"आबा, काठीवाली आजी," माझ्या शेजारचा पृथ्वी ओरडला.

"ती मी बघितली होती," ईश्वरी म्हणाली.

"त्यानं आधी सांगितलं. पृथ्वीला एक. अजून?"

"आबा, स्पीडब्रेकर."

"त्यो मला ठावं हाय, त्याची गोळी न्हाई."

मुलं हसली. मी शेजारच्या मुलीला विचारलं, हे काय चाललंय. तिनं मला अडाण्याला सांगावं तसं समजावलं. आबांचा खेळ आहे. रस्त्यावर जे दिसेल ते आधी ओरडायचं. ज्याचे जास्त त्याला शाळेशी लिमलेटची गोळी. ईशूच रोज जिंकते, कारण ती पुढं बसते.

"कधीपासून खेळता?"

"शाळा सुरू झाल्यापासून."

मामा सावकाश चालवत होते. गतिरोधक आला की अगदी नेमका वेग कमी व्हायचा. वळणं त्यांच्या हातांत होती. रस्ता जसा कालपर्यंत होता, तसा तो त्यांना पुरता पाठ होता. जे आज नवीन आलं असेल, तेवढं मुलं ओरडून सांगत होती.

हायवेखालच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि समोरून ऊन आलं. त्याच वेळी ईश्वरीची पाण्याची बाटली घरंगळली. ती उचलायला ती सीटखाली वाकली. मागच्या मुलांत पुढच्या गोळीवरून भांडण लागलं होतं. कुणीच काही ओरडलं नाही. मी समोर बघितलं. रस्त्यावर पाच-सहा शेरडं होती, पांढुरकी, मातीच्या रंगाची, आणि त्यांच्यामागं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. व्हॅन सरळ जात होती.

"मामा, ब्रेक."

मी ओरडले नाही. नुसतं बोलले. पण मामांचा पाय त्या शब्दावर सव्वीस वर्षं जगला होता. व्हॅन जागच्या जागी थांबली. बाळाचं डोकं माझ्या छातीवर आपटलं. ती बाई बंपरपासून हातभर अंतरावर होती. तिनं मामांकडं बघितलं, काहीतरी पुटपुटली आणि शेरडांना हाकत पलीकडं गेली.

मग पृथ्वी म्हणाला, "हे कुणी आधी सांगितलं?"

"ईशूच्या आईनं."

"मग गोळी काकूंना."

मामांनी मागं न बघता खिशात हात घातला आणि खांद्यावरून माझ्याकडं गोळी धरली. मी गोळी घेतली, कागद सोडवून तोंडात टाकली. मुलं माझ्याकडं बघत होती. मला ती चघळताही येईना आणि थुंकताही येईना.

मी घरी परतले नाही. लस टोचून घेतली आणि शाळेच्या फाटकाबाहेर बाळाला मांडीवर घेऊन साडेबारापर्यंत बसून राहिले. मामा व्हॅनमधेच बसले होते. एकमेकांना दिसत होतो, पण कुणी कुणाकडं गेलं नाही. शाळा सुटली तेव्हा मी पुढचं दार उघडलं, ईश्वरीला मागं पाठवलं आणि तिच्या जागेवर बसले. ईश्वरी रुसली. कॉलनीपर्यंतच्या रस्त्यावर मी एक कुत्रं, दोन हातगाड्या, एक ट्रॅक्टर आणि सायकलवरची तीन पोरं सांगितली. मामा दरवेळी फक्त "हां" म्हणाले. गुण कुणी मोजले नाहीत.

दुपारी तीन वाजता आम्ही पुन्हा गाडीपाशी बसलो. बाळ झोपलं होतं. मामा आरशाचा तुकडा डाव्या दाराच्या तारेत बसवायला बघत होते. तार त्यांना सापडत नव्हती. मी त्यांचं बोट धरून तारेवर ठेवलं.

"आज लई गोळ्या जिंकल्यास," ते म्हणाले.

"हो."

"कधी कळलं?"

"शनिवारी."

"पांढऱ्यावरनं?"

"हो. निळा झालाय तो, मामा. तुमच्या गाडीचं नाक निळं आहे."

त्यांनी नाकावरून तळहात फिरवला. हळूहळू, कपाळपट्टीपासून बंपरपर्यंत.

"आणि रेघ?"

"रेघ नाहीच."

ते हसले. खरोखर हसले, आवाज न करता, खांदे हलवून.

"हर्षदा, आमच्या बाचा डोळा असाच झाला हुता," ते म्हणाले. "मी पंधराचा असंन. कुठल्याशा शिबिरात नेला. दोन डोळ्यांनी गेला आन् एका डोळ्यानं आला. आन् मग त्यो एक बी गेला. मी गाडीवर लागलो त्ये त्याच साली, क्लीनर म्हनून. बा दारात बसायचा आन् मी निघालो की विचारायचा, रस्ता कसा हाय. मी रोज सांगायचो, बेस हाय."

मी ब्रश पुसायला घेतला.

"मला रागाबिगाचं काय न्हाई. धैर्यशीलला वाटतं मी चिडतो. मी भितो."

असं वाक्य मी त्या घरात कुठल्याही पुरुषाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शनिवारपासून कितीतरी वाक्यं मनात रचली होती. आता डॉक्टर मशीननं करतात, दहा मिनिटांत होतं, पूर्वीसारखं राहिलं नाही. त्यातलं एकही तोंडात येईना. तोंडात आलं ते वेगळंच.

"उद्या खंडेनवमी," मी म्हटलं. "गाडी पुजायची तर किल्ली पण पाटावर पाहिजे ना? व्हॅनची."

मामांनी माझ्याकडं बघितलं. काय दिसलं असेल कोण जाणे.

"किल्ली ठेवतोच की दरवर्षी."

"पुजलेलं हत्यार उत्तरपूजेशिवाय उचलत नाहीत असं आत्या म्हणतात."

"म्हनत्यात."

"मग उत्तरपूजा सावकाश करू. डोळे झाल्यावर."

आरशाचा तुकडा त्यांच्या बोटांत होता. खिडकीतलं ऊन त्यावर पडून छपरावर हलत होतं. ते थोडा वेळ हललं आणि मग स्थिर झालं.

"आन् पोरं?"

"पलीकडच्या गल्लीतले शिंदे रिक्षा चालवतात. मी विचारते. महिन्याचा प्रश्न आहे."

"तुला इंटरमिजिएटला ह्ये बी शिकवलं व्हय?" मामा म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, तिच्या रिंगला बांधलेला काळा गोंडा एकदा अंगठ्यानं चोळला आणि ती माझ्या ओंजळीत ठेवली. "जा, पाट पुसून घे. आन् नाक निळंच ऱ्हाऊ दे. आता वेळ न्हाई."

मी किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. परत आले, झोळीच्या दोरीला डोकं टेकून जमिनीवर बसले आणि तिथंच झोपले. जाग आली तेव्हा दिवे लागले होते, अंगावर आत्यांची चादर होती आणि बाळ आत्यांच्या मांडीवर मामांची टोपी चोखत होतं.

खंडेनवमीला पाटावर कोयता, विळी, माझी कात्री, पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि मधोमध गाडी. झेंडूच्या माळेनं ती निम्मी झाकली गेली. तिच्यापुढं किल्ली. शुक्रवारी धैर्यशील भाषण तयार करून आला होता. त्याला मामांनीच सांगितलं, "डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लाव." तो माझ्याकडं बघत राहिला. मी आपट्याची पानं वाटायला निघून गेले.

पहिला डोळा दिवाळीआधी झाला. डॉक्टरांनी मोतीबिंदू किती घट्ट झाला होता ते सांगितलं आणि सहज विचारलं, "आजोबा दिवसभर काय करतात?" आत्या, धैर्यशील आणि मी, आम्ही तिघांनीही एकदम उत्तर दिलं, "घरीच असतात."

पट्टी सुटल्यावर मामा घरी आले ते थेट आत्यांपुढं उभे राहिले.

"तू कवा पिकलीस गं?"

"चार वर्सं झाली," आत्या म्हणाल्या. "मी म्हनलं, ह्यांना दिसत न्हाई तवर मी तरनीच हाय. कशाला घाई करा."

मग ते गाडीकडं वळले. तिच्याभोवती दोनदा फिरले. खाली बसून फळ्यांचे खिळे बघितले, वेली बघितल्या, चाकं फिरवून बघितली. शेवटी नाकाशी आले.

"अगं, ही तर निळी हाय."

"तुम्हीच केलीत."

"एवढी निळी? आन् तू लावलास रंग? सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं की. बुधवारी."

मामा इतके हसले की आत्यांनी त्यांना दटावलं, डोळ्यावर ताण येईल. आणि मी आत जाऊन, नळ सोडून, भांड्यांच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. शनिवारपासूनचं सगळं तिथं वाहून गेलं असं मला वाटलं.

याला सहा वर्षं झाली. दोन्ही डोळे झाले, उत्तरपूजा झाली. तरी मामांनी पुढं मुलांची व्हॅन चालवली नाही. शिंद्यांचं बेस चाललंय म्हणाले. घरच्यापुरती गाडी काढतात आणि लांबून लोकांच्या नंबरप्लेटी वाचून दाखवतात. निळ्या नाकाची गोष्ट ते खंडेनवमीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. चार चिमटी नीळ, नसलेली रेघ, शेरडं, काकूंना मिळालेली गोळी. दरवर्षी शेरडं वाढतात. पाहुणे हसतात, मीही हसते.

यंदा पूजेच्या आदल्या दिवशी गाडीवरची अक्षरं उडाली होती म्हणून ईश्वरी ती गिरवत बसली होती. ती आता अकरा वर्षांची आहे. हात माझ्यासारखाच आहे, जरा माझ्याहून सरळ. मामा तिच्याशेजारीच एका पाहुण्याला गोष्ट सांगून नुकतेच त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले होते. मी निवडायला मेथी घेऊन बसले होते.

"आई," ती ब्रश न उचलता म्हणाली, "नीळ घातली तो वार कोणता होता?"

"शनिवार."

"नक्की?"

"नक्की. तू सकाळची शाळा करून आली होतीस आणि आजीजवळ झोपली होतीस."

"आणि तेव्हाच तुला कळलं की आबांना दिसत नाही."

"हो."

"आणि शेरडं बुधवारी."

"बुधवारी."

तिनं 'प्रसन्न'चा शेवटचा न पुरा केला, ब्रश पाण्यात बुडवला आणि माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. गणितात एक पायरी सुटली की ती जशी वहीकडं बघते, तसं ती माझ्याकडं बघत होती.

"मग सोमवारी आणि मंगळवारी मी शाळेत कशी गेले?"